पिकअपच्या मीटरवर एकदम तीन-चार दिवे लागले तर आधी काय बघायचं

जुन्या पिकअपच्या मीटरवर तीन-चार दिवे एकदम लागले म्हणजे तीन-चार बिघाड एकदम झाले, असं सहसा नसतं. मूळ बिघाड एकच असतो आणि बाकीचे दिवे त्याच्या मागोमाग लागतात. तो सापडायच्या आधीच सेन्सर बदलत बसलं की पैसे जातात, भाडं बुडतं आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते. खाली लिहिलंय ते बोलेरो पिकअपसारख्या डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून, त्यातही २०१७ नंतरच्या बीएस-४ आणि २०२० नंतरच्या बीएस-६ कॉमन रेल गाड्या (बीएस म्हणजे धुराचे सरकारी निकष, कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी, संगणकावर चालणारी पद्धत). टाटा योद्धा किंवा अशोक लेलँड दोस्तमध्ये पार्टच्या जागा थोड्या वेगळ्या असतील, पण शोधायची पद्धत तीच.

दिवे लागले की पहिला निर्णय थांबण्याचा. पिवळा दिवा असेल आणि गाडी नीट चालत असेल तर वेग कमी करून गॅरेजपर्यंत जाता येतं. लाल दिव्याला ती सवलत नाही. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं, पुढच्या ढाब्यापर्यंतसुद्धा न्यायची नाही. मात्र चालत्या गाडीत चावी फिरवायची नाही. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दोन-तीन वेळा दाबेपर्यंतच हलका राहतो आणि चावी शेवटपर्यंत मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होतं. म्हणून आधी डावी कड, मग हँडब्रेक, मग चावी.

घाटात गाडी थांबली तर हँडब्रेकवर विसंबू नका. तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स टाका आणि चाकाला मोठा दगड लावा. माल भरलेली गाडी असेल तर दगड दोन्ही बाजूंच्या चाकांना हवेत. पार्किंगचे चारही इंडिकेटर चालू ठेवा, त्रिकोण गाडीपासून ५० मीटर तरी मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. केबिनमधल्या माणसांना कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या नंबरवर मदत मिळते. एवढं झाल्याशिवाय बोनेट उघडू नये.

बॅटरीचा दिवा, टेम्परेचर आणि जड ब्रेक

हे तिघे एकत्र आले की नजर सरळ इंजिनच्या पट्ट्यावर, म्हणजे फॅन बेल्टवर जायला हवी. बॅटरीचा दिवा लागला की लोक म्हणतात, बॅटरी गेली, गावात गेल्यावर बघू. खरं तर तो दिवा सांगतो की चार्जिंग थांबलंय. चार्जिंग थांबण्याची कारणं बरीच आहेत, पण सगळ्यात धोक्याचं म्हणजे फॅन बेल्ट तुटणं. कारण बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवतो. पट्टा तुटला की पाणी फिरायचं थांबतं आणि भरलेल्या गाडीचं इंजिन काही मिनिटांत तापतं.

तिसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा आयता व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे ब्रेक बूस्टरसाठी (पेडल हलकं करणाऱ्या भागासाठी) वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक भारतीय डिझेल गाड्यांत हा पंप, त्याच पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. म्हणजे पट्टा तुटला की चार्जिंग गेलं, पाणी थांबलं आणि ब्रेकची मदतही गेली. पेडल लाकडासारखं कडक लागतं, दोन्ही पाय लावून दाबावं लागतं. उतारावर हे घडलं तर गिअर खाली आणून इंजिन ब्रेकवर गाडी आवरायची, पेडल सारखं सारखं मारायचं नाही. दाबलंत की दाबूनच धरा, कारण पेडल सोडलं की बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम थोडा थोडा खर्च होतो.

त्यामुळे बॅटरीचा दिवा लागताच बोनेट उघडून पट्टा आहे का ते बघणं हे पहिलं काम. पट्टा जागेवर नसेल तर एक किलोमीटरही पुढे जायचं नाही. पट्टा शाबूत आणि घट्ट असेल, टेम्परेचर जागेवर असेल आणि ब्रेक हलका असेल, तर दिवसाउजेडी जवळच्या गावापर्यंत बॅटरीवर जाता येतं. एसी, ब्लोअर, टेप, मोबाइलचा चार्जर बंद करा आणि इंजिन मधे बंद करू नका, पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना चालायला करंट जवळजवळ लागतच नसे. कॉमन रेलमध्ये ईसीयू (इंजिनचा संगणक), इंजेक्टर, पंपाचा व्हॉल्व्ह सगळेच बॅटरी खातात, त्यामुळे रात्री हेडलाइट लावून हा प्रयोग करू नये.

सोबत एक नवा पट्टा असेल तर रस्त्यावर बदलता येतो. जुन्या पट्ट्यावर छापलेला नंबर गाडी घेतल्या दिवशीच लिहून ठेवावा, नाहीतर दुकानदार अंदाजाने देतो आणि तो आखूड किंवा लांब निघतो. इंजिन बंद असताना आधी बॅटरीची काळी वायर काढा, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत चावी बंद असली तरी करंट असतो आणि तिथे पाना टेकला की ठिणगी पडते. अल्टरनेटर ज्या लांब बोल्टवर फिरतो तो थोडा सैल करा, मग पट्टीवरचा बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकला. नवा पट्टा चढवण्यापूर्वी प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. एखादी अडकत असेल किंवा वॉटर पंपाची पुली डुगडुगत असेल, तर पट्टा तिच्यामुळेच तुटलाय आणि नवाही टिकणार नाही. पट्टा चढवून जॅकच्या दांडीने अल्टरनेटर बाहेर रेटा. दांडी त्याच्या अंगावर पुढच्या बाजूला टेकवा, मागच्या व्हॅक्यूम पंपावर नाही. बोल्ट आवळल्यावर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबलं तर साधा व्ही पट्टा १० ते १२ मिलिमीटर खाली जायला हवा. त्याहून सैल असेल तर घसरतो आणि किंचाळतो, फार ताणला तर वॉटर पंपाची बेअरिंग खातो. पंधरा मिनिटं चालवून ताण पुन्हा बघा, नवा पट्टा थोडा सैल होतोच. रुंद, रेघांच्या पट्ट्याला स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर ताण तोच धरतो. तिथे टेन्शनरचीच बेअरिंग तपासायची.

पट्टा ठीक आहे, तरी दिवे लागतात

आता मल्टीमीटर. पिकअपच्या डॅशबोर्डात साधा मल्टीमीटर नसणं हे स्टेपनी नसण्याइतकंच चुकीचं आहे. इंजिन बंद करून तासभर झाल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या खाली असतील तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर गेलाय, आणि ते जास्त घातक, कारण बॅटरी उकळते आणि ईसीयूवर ताण येतो. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमलीय किंवा टर्मिनल सैल आहे.

व्होल्टेज घसरलं की ईसीयू, एबीएस, इमोबिलायझर सगळेच गोंधळतात आणि दिव्यांची माळ लागते. गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर अशा वेळी पी०५६२ हा कमी व्होल्टेजचा कोड बहुधा दिसतो, त्यासोबत गाडीतल्या संगणकांचा आपसातला संपर्क तुटल्याचे यू-ने सुरू होणारे कोड येतात. पी०५६२ यादीत असेल तर बाकीच्या कोडवर विश्वास ठेवायच्या आधी व्होल्टेज सुधारा, कोड पुसा आणि परत किती येतात ते बघा. दहातले आठ गायब होणं यात नवल काहीच नाही.

व्होल्टेज ठीक असूनही दिवे लुकलुकत असतील तर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसची गाडीच्या धातूशी असलेली जोडणी बघा. हेडलाइट लावला की टेम्परेचरचा काटा वर सरकतो, इंडिकेटरच्या तालावर दुसराच दिवा फडफडतो, ही खराब अर्थची ओळख. बॅटरीची काळी वायर बॉडीला, चासीला आणि इंजिनला जिथे जिथे बसते ते बोल्ट उघडा, सँडपेपरने धातू चकचकीत करा, आवळा आणि वरून ग्रीस लावा. कोकणात आणि गोव्यात खारट हवेमुळे ही जोडणी आतून हिरवी होते आणि बाहेरून दिसत नाही. तपासायला सोपी युक्ती: मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थची वायर दोषी.

जुन्या पिकअपमध्ये तिसरी शंका नेहमी आधीच्या मालकाच्या वायरिंगची. जादा हॉर्न, एलईडीची पट्टी, केबिनचा पंखा, साउंड सिस्टीम, आणि या सगळ्यांचं कनेक्शन इग्निशनच्या वायरीला ब्लेडने सोलून चिकटवलेलं. फ्यूज नसतो, टेप उन्हाने सुटलेली असते. मग खड्ड्यात गाडी आपटली की वायर पत्र्याला टेकते आणि मुख्य फ्यूज उडतो. अशी प्रत्येक जोड काढून टाका, हवीच असेल तर रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालून सरळ बॅटरीवरून घ्या. फ्यूजचे रंग लक्षात ठेवा: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्या १० च्या जागी ३० घालणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळायला देणं. शेतावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर हेही खरं कारण आहे. एअर फिल्टरच्या डब्याजवळ भुसा किंवा लेंड्या दिसल्या तर वायरिंगचा गुच्छ हाताने चाचपून बघा.

दोन गोष्टी कुणी कितीही सांगितल्या तरी करू देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासणं ही जुनी पद्धत आहे. कॉमन रेल गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू किंवा अल्टरनेटरचे डायोड जातात. दुसरी, जंप स्टार्ट करताना घाई. लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग मदतीच्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर मदतीच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. ट्रकची २४ व्होल्टची जोडी मदतीला घेऊ नये. वायर उलटी लागली तर पुढचा खर्च अख्ख्या बॅटरीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

ऑइल आणि पाणी

ऑइलच्या दिव्याचा स्विच फार कमी दाबाला लागतो, बहुधा अर्ध्या बारच्याही खाली. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो, इशारा म्हणून वेळ उरलेला नसतो. इंजिन बंद करून सपाट जागेवर दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुसून बघा. ऑइल खालच्या खुणेखाली असेल तर कुठून गेलं ते शोधा. अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असेल तर त्याला ऑइल पुरवणारी रबरी नळी असते; उष्णतेने ती तडकते आणि ऑइल वेगाने बाहेर पडतं. अल्टरनेटर ऑइलने माखलेला दिसला तर तीच. भरून दिवा विझला तरी नळी बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑइल पातळीवर असूनही गरम इंजिनाला फक्त आयडलवर दिवा लुकलुकत असेल तर स्विच खराब असू शकतो, पण तो बदलायच्या आधी स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून खरा दाब मोजायला सांगा. बेअरिंग झिजलेल्या गाडीत विक्रीपूर्वी घट्ट ऑइल भरून हा दिवा लपवला जातो. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. पातळी वरच्या खुणेच्याही वर चढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर गळतोय, किंवा बीएस-६ गाडीत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई वारंवार अर्धवट राहतेय. तिन्हींत गाडी टोइंगने न्यायची.

टेम्परेचर वाढलं आणि पट्टा शाबूत असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. घाम फुटेल, पण तो हीटर छोट्या रेडिएटरचं काम करतो. काटा खाली आला नाही तर थांबा. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका; दाबाखाली आतलं पाणी १०० अंशांच्या वर असतं आणि झाकण सैल होताच तोंडावर उसळतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाते. थंड झाल्यावर पाणी घाला, इंजिन सुरू करा आणि बघा. नळीतून गळत असेल तर क्लॅम्प आवळून किंवा रबर गुंडाळून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच लावा, म्हणजे दाब कमी राहील, आणि हळूहळू जा. सतत बुडबुडे येत असतील आणि पाणी उसळत असेल तर हेड गॅस्केट गेलंय, तिथे चालवण्यात अर्थ नाही. मराठवाड्यात वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेले रेडिएटर आतून क्षाराने बुजलेले असतात; त्यांना नवा थर्मोस्टॅट घालून फरक पडत नाही, कोअर साफ करून किंवा बदलून कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं निम्मं भरावं लागतं.

डिझेलमध्ये पाणी, डिझेलमध्ये हवा

पावसाळ्यात डिझेल फिल्टरचा पाण्याचा दिवा लागला तर तो टाळू नका. फिल्टरच्या तळाशी ड्रेनचा स्क्रू असतो. इंजिन बंद करून खाली पारदर्शक बाटली धरा, स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा आणि आधी तळाशी बसलेलं पाणी, मग स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. बाटली दोन मिनिटं ठेवली की पाणी खाली बसलेलं दिसतं. स्क्रू हाताने आवळून हँड प्रायमर (हाताने दाबायचा डिझेलचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबा. दिवा दोन दिवसांत परत आला तर टाकीच पाण्याने भरलेली आहे, ती उतरवून धुवावी लागेल. हे पाणी पंप आणि इंजेक्टर गंजवतं आणि ते पार्ट गाडीतले सगळ्यात महाग.

फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू होत नसेल तर तिने एअर घेतलीय. प्रायमर दाबत राहा. पण इंजेक्टरच्या लोखंडी नळ्यांचे नट सैल करून एअर काढणं हे जुन्या इंजिनांपुरतं होतं. कॉमन रेलमध्ये त्या नळीतला दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तशी जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, तरी ती तातडीने शस्त्रक्रियेची बाब असते. इंजिन चालू असताना तिथे गळती हाताने चाचपायचीही नाही, पुठ्ठा धरायचा.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागून गाडी उचलच घेत नसेल तर ईसीयूने इंजिनला मर्यादेत टाकलंय. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल आणि मोबाइल अ‍ॅप एवढ्यावर कोड वाचता येतो. पी००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी: आधी फिल्टर आणि हवा, पंप शेवटी. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी: आधी इंटरकूलरच्या रबरी नळ्या आणि क्लॅम्प, फाटलेल्या जागी ऑइलचा ओलसर डाग असतो. पी०४०१ म्हणजे ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत पाठवणारा व्हॉल्व्ह) काजळीने बुजलेला. पी०३३५ म्हणजे इंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर. तो बिघडला तर गाडी तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर हा संशय पक्का करा, आणि सेन्सर घेण्यापूर्वी त्याचा प्लग आणि वायर बघा.

डीपीएफ असलेल्या बीएस-६ गाडीत त्याचा दिवा लागला तर मोकळ्या रस्त्यावर एका लयीत, जरा वरच्या आरपीएमवर वीस-एक मिनिटं चालवा आणि मधे इंजिन बंद करू नका. या सफाईत सायलेन्सर ५५० अंशांच्या वर तापतो. त्यामुळे उसाच्या पाचटावर किंवा कडब्याच्या ढिगाजवळ गाडी त्या वेळी उभी करू नका. दिवा लाल झाला किंवा लुकलुकायला लागला तर सफाई वर्कशॉपमध्येच करावी लागते. फिल्टर पोकळ करून देणारे भेटतात. ते बेकायदेशीर आहे आणि धूर गावात आपणच सोडतो.

जुनी पिकअप घ्यायला जाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी चावी फक्त ऑनवर आणा. ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिन हे तिन्ही दिवे त्या वेळी लागायलाच हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. एखादा लागलाच नाही तर बल्ब काढलेला आहे किंवा वायर तोडलेली आहे. इंजिन पूर्ण थंड असताना भेट ठरवा. ओबीडी अ‍ॅपमध्ये कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली तो आकडाही बऱ्याच गाड्यांत दिसतो. तो आकडा पाच-दहाच असेल तर कोड तुम्ही येण्यापूर्वी पुसलाय, आणि तो परत येईपर्यंत, म्हणजे माल भरून एक चढ चढेपर्यंत, व्यवहार पक्का करू नका.